अर्थ नाय

लकवा येऊन गेल्यावर महादेवअण्णांच्या तोंडात तीनच शब्द उरले. ‘अर्थ’, ‘नाय’ आणि ‘शिंच्यांनो’. पहिले दोन जोडीनं यायचे, तिसरा एकटा. बाकीची जन्मभराची भाषा, भजनं, कंपनीतल्या शिफ्टचे किस्से, अष्टमी गावातल्या घराघराच्या वायरिंगची कुंडली, सगळं एका सकाळी निघून गेलं. तेव्हा त्यांच्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न होतं. अण्णा खुर्चीतून कलंडले, आयर्न टेबलावर पडलं आणि सनमायका जळून त्यावर एक काळा डाग उठला. हेमांगीनं तो नंतर किती घासला, पण तो काही गेला नाही.

हेमांगी त्यांची सून. माहेर पेणचं, अष्टमीत नांदायला आलेली, पुलापलीकडच्या रोह्यातल्या शाळेत काही वर्षं शिवणकाम शिकवून घरी बसलेली. अण्णा कंपनीतून इलेक्ट्रिशियन म्हणून रिटायर झाले आणि त्यांनी भजनी मंडळांना अँप्लिफायर बनवून द्यायचा उद्योग काढला, तेव्हा त्यांच्या शेजारी टॉर्च धरून बसायचं काम तिच्याकडे आलं. टॉर्च धरणाऱ्या बाईला दिसतं सगळं. रेझिस्टरचे रंग तिला आधी साडीच्या काठासारखे पाठ झाले आणि मग त्यांचा उपयोगही कळायला लागला. राहिलेलं तिनं मोबाइलवरचे व्हिडिओ बघून भरून काढलं.

अण्णांचा शेवटचा अँप्लिफायर अर्धाच राहिला होता. दोन झिरो बोर्ड, म्हणजे भोकाभोकांची ती तपकिरी पाटी, जिच्यावर जो तो आपल्या डोक्यानं सर्किट मांडून बघतो. एक भरलेली, दुसरी निम्मी. शेजारी विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणि एक लोखंडी डबा. हेमांगीनं टेबल अण्णांच्या खाटेसमोर ओढलं आणि काम पुढे चालू केलं. तिचा हिशेब साधा होता. डॉक्टरांनी प्रणितला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, बाहेर बोलावून सांगितलं होतं की शरीर हळूहळू सुधारेल, पण पेशंटच्या मनानं हाय खाल्लीय. लक्ष ठेवा, ब्लेड-कात्री जवळपास ठेवू नका. त्याचं कारण ते दोन शब्द.

दिवसातून कितीदा तरी अण्णा म्हणायचे, ‘अर्थ नाय.’

जगण्यात अर्थ नाही, असं त्यांना म्हणायचं होतं हे कळायला डॉक्टर कशाला हवा होता? घरात कात्र्या लपल्या, गोळ्यांचा डबा फ्रिजवर गेला. आणि हेमांगीनं ठरवलं की हा अँप्लिफायरचा डबा गायला लागला पाहिजे. त्यातून त्यांचंच एखादं भजन खणखणीत निघालं तर माणूस परत जगायला लागेल. नाही निघालं तर काय, त्याचा विचार ती करत नव्हती. करत नव्हती म्हणजे रोज करत होती.

पहिल्यांदा ते शब्द आले वैशाखात, नव्या बाथरूमच्या वेळी.

अण्णांना परसातल्या मोरीपर्यंत नेणं जमेना, म्हणून प्रणितनं त्यांच्या खोलीला लागून नवं बाथरूम बांधायला काढलं. कमोड, धरायला स्टीलचे दांडे, गीझर. त्याच हप्त्यात मागची पडवी आणि अंगण उकरून फरशी घातली, चाकाची खुर्ची फिरावी म्हणून. खाटेजवळच्या खिडकीतून अण्णांना ते सगळं दिसायचं. गवंड्यानं पेरूजवळ पहार घातली त्या दुपारी अण्णा एकदम ताठ झाले, डावा हात गजांवर आपटायला लागले आणि म्हणाले, ‘अर्थ नाय. अर्थ नाय.’

प्रणितचे डोळे भरले. तो त्यांचा हात धरून म्हणाला, “अण्णा, तुमच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही असं परत बोलायचं नाही. तुमच्यासाठी नाही करायचं तर कुणासाठी?”

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं की हेमांगीला ते बघणं बरेच दिवस पुरलं. मग तिसरा शब्द म्हणाले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

पेरूजवळ अण्णांचा एक खड्डा होता. वर सिमेंटचं झाकण. दर उन्हाळ्यात ते हेमांगीला माहेराहून खडेमीठ आणायला लावायचे, पेणच्या मिठागरातलं, आणि कोळशाबरोबर ते त्या खड्ड्यात घालायचे. आंघोळ झाली की उरलेला तांब्या तिथेच ओतायचे. शेजारच्या विमलकाकू म्हणायच्या की तुझा सासरा पितरांना पाणी घालतो की पेरूला, एकदा विचार तरी गो. सगळे हसायचे. फरशी घालताना झाकण मधे येत होतं. गवंड्यानं ते फोडलं, खालून आलेली जाड तार आडवी येत होती ती छाटली आणि वरून सिमेंट ओतलं. हे कुणी लपवून केलं नाही. कुणी लक्ष देऊन बघितलंही नाही. बघत होते ते एकटे अण्णा.

गीझर बसवून गेल्यावर बोळातल्या बोर्डावरचा ब्रेकर सारखा पडायला लागला. ज्यानं गीझर बसवला त्याला परत बोलावलं. तो म्हणाला, हे जुनं मॉडेल, उगाच पडतं, काढून डायरेक्ट करतो. केलं. मग काही पडेना. प्रणित समाधानानं म्हणाला की आता त्रास नाही. अण्णांना लागेल तेव्हा गरम पाणी हवं म्हणून त्यानं गीझर चालूच ठेवायला सांगितला. खाटेवरून अण्णा म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं आणि नेहमीसारखं कुणीतरी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला.

अँप्लिफायर गणपती गेल्यावर बोलायला लागला. हेमांगीनं स्पीकर जोडला, मोबाइलवरचं अण्णांचंच जुनं रेकॉर्डिंग लावलं आणि त्यांचा आवाज खोलीत उभा राहिला, टाळासकट. त्याच्या पाठीमागे एक घुंकार होता. माशी अडकल्यासारखा, बारीक. ती म्हणाली होईल दुरुस्त.

तो दुरुस्त झाला नाही. वाढला. तिनं वायरी आखूड केल्या, सगळे ग्राउंड एका ठिकाणी आणून बांधले, ट्रान्सफॉर्मर फिरवून बसवला. ‘ग्राउंड’ हा शब्द तिचा, व्हिडिओतून उचललेला. दसऱ्याला ऊन तापायला लागलं, अंगणाच्या कडेची माती तडकली आणि घुंकार भजनावर चढायला लागला. त्यात आणखी एक विचित्र होतं. तो मधेच आपोआप बसायचा आणि थोड्या वेळानं आपोआप परत उठायचा, कुणीतरी भिंतीपलीकडे श्वास घेत असल्यासारखा. तो उठला की अण्णा खाटेवर हलायला लागायचे. डावा हात डब्याकडे, मग बाथरूमकडे, मग खिडकीकडे. आणि ते दोन शब्द, मोठ्यानं.

हेमांगी आयर्न खाली ठेवून स्वयंपाकघरात जायची. एवढं करून त्यात अर्थ नाही असं ज्याच्यासाठी केलं तोच सांगतो म्हटल्यावर बाईनं काय करावं? ती कांदा चिरायची. कांदा असला की डोळ्यांचं कुणी विचारत नाही.

त्याच दिवसांत तिच्या हातांना मुंग्या यायला लागल्या. डब्याला हात लावला की बोटांना, बाथरूमचा नळ सोडला की मनगटापर्यंत. चाळिशी उलटलेल्या बाईच्या अंगात जे होतं ते सगळं व्हिटॅमिनवर ढकलायची सोय असते, तशी तिनंही ढकलली. टाच दुखते म्हणून ती घरात रबरी सपाता घालायची. त्यावरून विमलकाकू टोमणे मारायच्या की सून पायात वहाणा घालून देव पुजते. प्रणित बारा महिने अनवाणी. पण तो त्या नळाला हात लावायचा नाही. त्याची आंघोळ परसातल्या जुन्या मोरीत. नवं बाथरूम अण्णांचं, आणि अण्णा तिथे पाऊल टाकत नव्हते. खुर्ची दारापर्यंत नेली की ते असा आकांत करायचे की शेजारचे विचारायला यायचे. त्यामुळे पाचसहा महिने नुसतं अंग पुसून काढणं चाललं होतं. हेमांगी रोज त्या नळाचं कोमट पाणी प्लॅस्टिकच्या बादलीत काढायची.

दिवाळी तोंडावर आली तसा प्रणितचा धीर सुटला. सुट्टीच्या दिवशी त्यानं न्हाव्याला घरी बोलावलं. केस कापल्यावर आंघोळ तर करायलाच लागते, म्हणजे अण्णांनाही नाही म्हणता येणार नाही, असा त्याचा बेत. न्हावी मदतीला असेल, दोघं मिळून उचलू आणि खुर्चीसकट शॉवरखाली बसवू. खुर्ची लोखंडी होती, हॉस्पिटलातून आणलेली.

“चिडतील,” हेमांगी म्हणाली.

“चिडू देत. निदान स्वच्छ होऊन चिडतील.”

तिला ते बघवलं नसतं. तिनं डबा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि पेणची एसटी धरली. अण्णांचा जुना दोस्त अस्लम, रामवाडीच्या नाक्यावर त्याचं सुट्या पार्टचं दुकान. अण्णांचा सगळा माल तिथून यायचा. घुंकार कुठला ते अस्लमचाचाला कळलं तर कळलं. कंडक्टरनं पिशवीतून डोकावणारी लाल-काळी वायर बघून विचारलं, “ताई, उडणार नाय ना?” आजूबाजूचे हसले. हेमांगीनं मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली. नागोठणं गेलं तरी हात सैल केला नाही.

अस्लमचाचानं डबा उघडून बोर्ड उजेडात धरले. मागचे कथिलाचे डाग बघितले. अर्धे डाग महादेवचे, अर्धे तुझे, असं त्यानं बोट ठेवून बरोबर सांगितलं आणि तुझे जरा जाड पडतात, कथिल स्वस्त झालंय काय, असंही. मग त्यानं डबा आपल्या टेबलावरच्या बोर्डाला लावला, स्पीकर जोडला आणि आवाज पूर्ण वर नेला.

काही नाही. रस्त्यावरून ट्रक गेला तो ऐकू आला. पंख्याची कुरकुर ऐकू आली. स्पीकर नुसता गप्प.

हेमांगीनं मोबाइल लावला. अण्णा गायला लागले, स्वच्छ, जसे देवळात गायचे तसे. तिनं मोबाइल काढून घेतला. परत गप्प.

“दोष नाय गो यात,” अस्लमचाचा म्हणाला. “घरी घुमतं, इथं नाय. मंग दोष तुझ्या घरात.” त्यानं डब्याच्या तीन पिनांमधल्या जाड पिनेवर नख आपटलं. “तुझ्या घरात अर्थ नाय.”

“काय म्हणालात?”

“अर्थ नाय. अर्थिंग गेलंय तुमचं. महादेवचा खड्डा हाय ना मागं, त्याला कुणी मीठपाणी घालत नसेल.”

हेमांगीच्या कानात ते दोन शब्द वाजत होते, पण आवाज अस्लमचाचाचा नव्हता. वैशाखातली खिडकी, गजांवर आपटणारा हात, पेरूजवळची पहार. घरातली सगळी माणसं कात्र्या लपवून बसली होती आणि म्हातारा आपलं काम बोलत होता. जन्मभर तो हाच शब्द याच मतलबानं बोलला होता, हजारदा, याच घरात. पण आजारी माणसाच्या तोंडचा शब्द घरची माणसं कारागिराचा म्हणून ऐकत नाहीत. मरणाचा म्हणून ऐकतात.

अस्लमचाचा विचारत गेला. डबा हाताला मारतो? नळसुद्धा? गीझर हाय? कधीपासून? चालूच असतो? ब्रेकर पडत नाय?

“तो काढून डायरेक्ट केलाय,” ती म्हणाली.

अस्लमचाचाचा हात डब्यावर होता तिथेच थांबला. “गीझरचा करंट गळतोय, त्याला जमिनीत जायला वाट नाय, म्हंजे तो नळात उतरलाय. आंघोळीला कोण जातं तिथं?”

हेमांगीनं घड्याळ बघितलं नाही. न्हावी येऊन गेला असणार हे तिला घड्याळाशिवाय कळत होतं. तिनं प्रणितला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. तो आंघोळ घालताना फोन खिशात कशाला ठेवील? तिला दिसत होतं ते एवढंच: लोखंडी खुर्ची, ओली फरशी, दोघांचे अनवाणी पाय आणि शॉवरची ती चकचकीत धातूची नळी, जी तिनंच दुकानात पसंत केली होती.

तिनं विमलकाकूंना लावला. त्यांनी उचलला आणि नेहमीसारखी पहिली चौकशी चकलीच्या भाजणीची.

“काकू, आमच्या ओटीवर मीटरखाली मेन स्विच आहे. लाकडी काठी घ्या आणि तो पाडा. आत्ता.”

“कुणाचा? आमचा?”

“आमचा. हातानं नको, काठीनं. फोन चालू ठेवा आणि जा.”

“अगो, पण तुझा घो घरात हाय. त्याला सांग की.”

“काकू, तो आणि अण्णा मरतील. जा.”

हा शब्द तोंडातून निघाल्यावर मात्र विमलकाकूंनी काही विचारलं नाही. फोनमधून त्यांच्या चपला ऐकू आल्या, फाटकाची कडी, त्यांचा दम. आणि मग लांबून, वाढत जाणारा, अण्णांचा आवाज. शब्द तेच. हेमांगीनं डोळे मिटले. अस्लमचाचा तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होता. फोनमधे काठी भिंतीवर आपटली. एकदा चुकली, परत आपटली.

मग अण्णांचा आवाज थांबला.

रामवाडीच्या नाक्यावर एसट्या येत होत्या, जात होत्या. हेमांगीला कुणी विचारलं असतं तर तिला आपलं नाव सांगता आलं नसतं.

“पाडला गो,” विमलकाकू म्हणाल्या. पलीकडून प्रणित ओरडत होता की लाइट कुणी घालवली. आणि त्याच्या मागून, दमलेला, बारीक, पण खणखणीत: “शिंच्यांनो.”

हेमांगी अस्लमचाचाच्या स्टुलावर बसून रडली. तिथे कांदा नव्हता.

त्यानं शटर अर्धं ओढलं आणि तिला आपल्या गाडीतून रोह्याला आणलं. वाटेत एकदाच गाडी थांबवली, मिठाचं पोतं घ्यायला. घरी कळलं ते असं की अण्णांनी डाव्या हातानं बाथरूमची चौकट धरली होती. प्रणित आणि न्हावी एकेक बोट सोडवत होते आणि शेवटची दोन राहिली होती. त्या हाताच्या नखांखाली चौकटीचा रंग अजून होता.

प्रणितला पटेना. अस्लमचाचानं वाद घातला नाही. सगळ्यांना लांब उभं केलं, मेन वर केला, एका होल्डरात बल्ब लावला, त्याची एक वायर नळाला टेकवली आणि दुसरी खिडकीतून बाहेर काढून पेरूच्या बुंध्याशी पाणी ओतून मातीत खुपसली.

बल्ब लागला. आंघोळीच्या नळावर, भर दुपारी, पिवळा.

तोवर थांबलेल्या न्हाव्यानं आपली पेटी उचलली आणि न सांगता निघून गेला. प्रणितनं स्वतः जाऊन मेन पाडला, काठीनं. खाटेवरून अण्णा म्हणाले, “अर्थ नाय.”

हेमांगी त्यांच्याजवळ गेली. यावेळी कपाळावरून हात फिरवला नाही. “हो अण्णा,” ती म्हणाली. “छाटलाय. पेरूजवळ. आज जोडते.”

त्यांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. माणसाला आपलं रडणं कधीतरी वाहू द्यावं लागतं.

फरशी फोडली. खड्डा परत खणला, कोळसा आणि पेणचं मीठ भरलं, नवी तार ओढली. नवा ब्रेकर बसला आणि गीझर भंगारात गेला. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला प्रणित खुर्ची ढकलत निघाला तेव्हा अण्णांनी बोळात हात वर करून ती थांबवली. बोर्डावरचा ब्रेकर नीट बघितला. मग हात खाली घेतला. त्या सकाळी डब्यातून त्यांचं भजन निघालं आणि दोन कडव्यांमधे नुसती शांतता होती, विहिरीच्या तळासारखी. अण्णा ती शांतताच जास्त ऐकत होते असं हेमांगीला वाटलं.

भाऊबीज झाली. दुपारी ती अंगणात पेरूला, म्हणजे खड्ड्याला, पाणी घालत होती. कुंपणापलीकडे विमलकाकूंच्या मागच्या अंगणात नवी फरशी लखलखत होती. त्याच रंगाची. त्यांच्या पुढच्या घरात तीच. गवंडी एकच, वैशाखात आळीभर त्यानंच कामं केली होती, आणि या आळीतलं वायरिंग बहुतेक अण्णांचं. प्रत्येक परसात एक खड्डा, एक झाकण.

तिनं तांब्या खाली ठेवला. आत जाऊन डबा उचलला, स्पीकर काखेत मारला आणि विमलकाकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. काकू भांडी घासत होत्या, अनवाणी, ओल्या मोरीत, शेजारी वॉशिंग मशीन फिरत होतं. भाऊबीजेला गाणी आणलीस काय गो, असं त्यांनी विचारलं. हेमांगीनं तीन पिना सॉकेटमधे खुपसल्या आणि डब्याला हात न लावता, लाकडी उलथन्याच्या टोकानं, बटण दाबलं.

घुं.

भिंतीपलीकडे, आपल्या खाटेवर, अण्णांनी ते ऐकलं. त्यांनी काय म्हटलं ते विचारायला यावेळी कुणी गेलं नाही. हेमांगी काकूंच्या ओटीवरच्या मेन स्विचकडे धावली.